आज याले गाडतोच

माझी माय दिवसभर कोणाला ना कोणाला गाडत असायची. दूध उतू गेलं की मला, चप्पल हरवून घरी आला की भावाला, आणि चहाचा ग्लास नालीकाठी ठेवून निघून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला तर रोजच. "गाडून टाकीन तुले," हे तिचं वाक्य आम्ही इतकं ऐकलं होतं की त्याचा अर्थ 'ऊठ आता' किंवा 'पुरे कर' एवढाच उरला होता. असे गाडले जाता जाता आम्ही दोघं भावंडं चांगली धडधाकट वाढलो. मी आता सानगडीला पोरांना मराठी शिकवते. वर्गात डोकं फिरलं की माझ्याही तोंडाशी तोच शब्द येतो. येतो आणि मी तो गिळते.

आमचं गाव म्हणजे गाव नव्हेच, मँगनीजची खदान. भंडारा जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला, डोंगर ओलांडला की मध्य प्रदेश. आजोबा दीक्षा घेतल्यावर गावकीची कामं सोडून इथं आले. तसेच बाकीचेही कुठून कुठून आलेले, कोणी डोंगरापलीकडून, कोणी छत्तीसगडातून. अशा ठिकाणी देवळाआधी दारूचं दुकान येतं आणि शाळेआधी पोलीस चौकी. आमच्याकडेही तसंच झालं. खदानीतून निघालेला बिनकामाचा दगड आणि माती वर्षानुवर्षं एकाच बाजूला टाकत गेले, त्याचा डोंगर झाला. त्याला सगळे डंप म्हणतात. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला लांबून तो खरा डोंगरच वाटायचा, आणि आम्ही खुशाल त्याला तसं वाटू द्यायचो.

बाबा खदानीतच होते. छातीत धूळ बसून लवकर गेले. मग मायनं खदानीच्या फाटकासमोर चहाची टपरी टाकली. चहा, आलुबोंडे, सकाळी तर्रीपोहे. टपरीच्या बाजूला कडुनिंबाखाली तिनं एक कॅरम बोर्ड ठेवला होता, जुना, एका कोपऱ्याचं जाळं फाटलेला. पाळी सुटली की माणसं तिथं घोळका करायची. खेळण्यापेक्षा बोलायचीच जास्त. समोरच्याला एकही सोंगटी घेऊ न देता हरवलं, की त्याला 'गाडलं' म्हणायचे. खेळ सुरू व्हायच्या आधी स्ट्रायकर बोटात फिरवत, "आज याले गाडतोच," असं म्हणायची तर पद्धतच होती. ते बोलल्याशिवाय कोणी पावडर टाकायचा नाही.

त्या बोर्डावर दोन माणसं रोज समोरासमोर बसायची. एक ठेकेदाराचा मुकादम, पस्तिशीचा, आवाज मोठा, हात सढळ, बायको आणि लहान मुलगी असलेला. दुसरा त्याच्याच हाताखाली ट्रक भरणारा पोरगा. पोरगा म्हणजे विशी ओलांडलेला, पण मायला सगळे पोरगेच. त्याची आई त्याच खदानीत दगड निवडायची, चांगला वेगळा, वाईट वेगळा. तिच्या बोटांच्या रेघांमध्ये काळं बसलेलं असायचं ते सणालाही निघायचं नाही. मुकादम आणि हा पोरगा भांडायचे, खेळायचे, पुन्हा भांडायचे. त्यांची दोस्ती म्हणावी की वैर, हे आम्हाला तेव्हा ठरवावं लागलं नाही.

एक दिवस सकाळी मुकादमानं त्या पोराच्या आईला सगळ्यांसमोर कामावरून हाकललं. हात धीमे चालतात म्हणून. वर एक घाणेरडी शिवीही दिली. दुपारी पोरगा टपरीवर आला तेव्हा त्याचं तोंड लाल होतं. मायनं त्याला चहा दिला, त्यानं तो घेतला नाही. थोड्या वेळानं मुकादमही आला, जणू काही झालंच नाही असा. रोजच्या जागी बसला आणि म्हणाला, "चल, लाव बोर्ड." पोरगा बसला. त्यानं स्ट्रायकर उचलला, बोटात फिरवला आणि म्हणाला, "आज याले गाडतोच."

माय कढईतून आलुबोंडे काढत होती. तिनं ते ऐकलं आणि बोंडे काढत राहिली. त्यात ऐकण्यासारखं होतंच काय?

खेळ अर्धवट राहिला. शब्दाला शब्द लागला आणि दोघं बोलत बोलत डंपाच्या बाजूला गेले. मुकादम त्या संध्याकाळी घरी आला नाही. तो सापडला तेव्हा डंपाच्या पायथ्याशी, दगडमातीखाली होता. पोरगा पळाला नव्हता. घरात आईजवळ बसून होता. पोलिसांनी विचारल्याबरोबर त्यानं सांगून टाकलं, मुकादमानं परत आईवरून शिवी दिली, तिथं पडलेली सब्बल, लोखंडी पहार, मी त्याच्या डोक्यात घातली, तो मेला असं वाटलं, भ्यायलो, वरून दगड लोटले. इतकंच त्याचं म्हणणं होतं आणि ते त्यानं शेवटपर्यंत बदललं नाही.

पण डॉक्टरांनी सांगितलं की मुकादमाच्या नाकातोंडातली माती खाली श्वासनळीपर्यंत गेली होती. म्हणजे लोटताना तो जिवंत होता.

हे कळलं आणि आमची खदान पेटली. खून आम्हाला नवे नव्हते. दारूत झालेले, बाईवरून झालेले, जागेवरून झालेले मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण जिवंत माणूस मातीखाली? ज्या खदानीत प्रत्येक घरातल्या माणसाला दरड कोसळून आपण खाली सापडू याचीच भीती, तिथं? तुमसरपर्यंत मोर्चा निघाला, फाशी द्या, फाशी द्या. मी तेव्हा तुमसरला कॉलेजात होते आणि त्या मोर्चात मीही ओरडत होते. मला मनापासून तसं वाटत होतं. मुकादमाच्या मुलीला मी कडेवर खेळवलं होतं. आजही कोणी तसं ओरडलं तर मी त्याला शहाणपण शिकवायला जात नाही.

पोलिसांनी टपरीवर येऊन मायला विचारलं, शेवटी दोघं इथंच होते ना, काय बोलले? मायनं जे ऐकलं ते सांगितलं. तिला कुठं माहीत होतं की गोष्टी सांगायलाही काही क्रम लागतो.

भंडाऱ्याच्या कोर्टात मी तिच्यासोबत गेले होते. नवं लुगडं, डोक्यावर पदर, आणि पिशवीत आलुबोंडे, कारण कोर्टात खायला काय मिळतं कोणास ठाऊक. पिंजऱ्यात उभी राहिल्यावर ती इकडंतिकडं बघत होती. समोर तो पोरगा बसलेला दिसला तर त्याला म्हणाली, "बारीक झाला रे तू." न्यायाधीशांनी तिला गप्प केलं. सरकारी वकिलानं विचारलं, आरोपी काय म्हणाला?

"आज याले गाडतोच म्हने."

"कोणाबद्दल म्हणाला?"

"समोर मुकादमच बसून होता, त्यालेच."

"तेव्हा तो रागात होता का?"

"होता साहेब. सकाळपासूनच होता. पर साहेब, तो बोर्डावर..."

"विचारलं तेवढंच सांगा, बाई."

आणि माय, जी पोलिसालाही दरडावायची, जिच्या तोंडाला तोंड द्यायला अख्खी खदान घाबरायची, ती तिथं गप्प झाली. पोराला सरकारनं दिलेला वकील एक तरणा माणूस होता, सारखा घड्याळ बघणारा. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं मायला विचारलं की तुमच्या टपरीपासून डंप किती लांब आहे, तिथून दिसतो का. बस. बोर्डाचं कोणी विचारलं नाही. स्ट्रायकरचं कोणी विचारलं नाही. बाहेर आल्यावर माय म्हणाली, "मले पुरं बोलू देल्लं नाही." मी म्हणाले, "जे बोलली ते खरंच होतं ना?" ती म्हणाली, "खरंच होतं. म्हनूनच तं."

मला तेव्हा तिचा राग आला. एका खुन्यासाठी एवढी हळहळ कशाला, असं मी तिला बसमध्ये बोलले सुद्धा.

फाशी झाली. म्हणजे फाशीची शिक्षा झाली. निकालात न्यायाधीशांनी असं सांगितलं की आरोपीनं दुपारी माणसाला गाडण्याची भाषा केली आणि त्याच दिवशी त्याला जिवंत गाडलं, तेव्हा हे रागाच्या भरात घडलेलं नसून आधी ठरवून केलेलं आहे. आमच्या शेजारच्यानं टपरीवर पेपर मोठ्यानं वाचून दाखवला. मायच्या हातात गाळणी होती. चहा ग्लासात पडायचा तो ओट्यावर सांडत राहिला.

त्याच दिवशी मुकादमाची बायको पेढे घेऊन आली. वाईट बाई नव्हती ती. नवरा गेल्यावर कित्येक दिवस माय तिच्या घरी भाकरी घेऊन जायची, तिच्या मुलीचे केस विंचरून द्यायची. तिनं मायच्या तळहातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, "बाई, तुमच्या जबानीनंच झालं. तुमचे उपकार आहेत." मायनं पेढा धरून ठेवला. नाही म्हणायचं कसं, आणि खायचा कसा? ती गेल्यावर मायनं तो कागदात गुंडाळून ठेवला आणि संध्याकाळी मुंग्या लागल्या म्हणून मलाच ओरडली. पण ओरडताना नेहमीचा शब्द आला नाही.

पोराची आई मात्र मागच्या दारानं यायची. पुढून यायची तिला लाज वाटायची, आणि फाटकावर लोक तिला बघून थुंकायचेही. माय तिला ग्लासभर चहा द्यायची, दोघी चुलीजवळ बसायच्या. ती मायला कधीच काही बोलली नाही. एकदा फक्त तिनं विचारलं, "दोर लावतेत तं लवकर जीव जाते ना?" मायनं मला आत हाक मारली, कशासाठी ते ठरवून नव्हे, नुसतीच मारली. मी गेले तर दोघी माझ्याकडं बघत बसल्या. शिकलेली पोरगी, हिला माहीत असेल. मला काहीच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "होते, मावशी, लवकर." खोटं होतं की खरं, मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर आमच्या घरातून तो शब्द गेला. कोणी ठरवलं नाही. बोर्ड मायनं उचलून घरात फळीवर उभा करून ठेवला. भावाच्या हातून कपाचा कान तुटला तरी माय नुसती बघायची. टपरीवरच्या पोरांनी कितीही आगाऊपणा केला तरी चूप. ज्या आईच्या शिव्या खाऊन तुम्ही वाढता ती आई शिव्या द्यायची थांबली तर घर किती भकास वाटतं! मी एकदा मुद्दाम दूध उतू जाऊ दिलं. ती आली, पातेलं खाली घेतलं, ओटा पुसला. मला रडू आलं.

फाशीला नागपूरच्या हायकोर्टाची मंजुरी लागते, असं कोणीतरी मायला सांगितलं. झालं. तिनं टपरी बंद ठेवली आणि मला म्हणाली, "चाल, तुले कोर्टाची भाषा समजते." मला समजत नव्हती, पण मी गेले. तिथं पोराचा नवा वकील भेटला, केस पांढरे झालेला, सौम्य माणूस. माय उभ्या उभ्याच सुरू झाली. बोर्ड कसा होता, स्ट्रायकर कसा हातात होता, आमच्याकडं गाडणं म्हणजे काय काय असतं, ती स्वतः दिवसातून किती जणांना गाडत होती, सगळं. वकिलानं मध्ये तोडलं नाही. तिचं पहिल्यांदाच कोणी पुरं ऐकत होतं. मग तो म्हणाला, "आई, साक्षीपुरावा खालच्या कोर्टात संपला. इथं तुम्हाला उभं करता येत नाही."

"मंग इथचे साहेब काय वाचतेत?"

"तुमच्या साक्षीचं इंग्रजी केलेलं असतं, ते वाचतात." त्यानं फाईल उघडली, इंग्रजीतलं वाक्य वाचलं आणि तिला समजावं म्हणून त्याचं पुन्हा मराठी करून सांगितलं, "मी आज त्याला पुरणार आहे."

माय माझ्याकडं बघायला लागली. "पुरनार? असा तं तो बोललाच नाही. पुरन तं पोळीत भरतेत." मला हसू फुटलं. वकीलही हसला. आणि हसता हसता मायच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती तिथंच बाकावर बसली आणि म्हणाली, "माह्या तोंडातून निंगालं ते कोनतं, आन साहेबापाशी पोचलं ते कोनतं. पोराचा जीव चालला ना याच्यात." तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. मी भाषा शिकवते. व्याकरणात मी पोरांना सांगते की क्रियापदाचा अर्थ संदर्भानं ठरतो. किती सोपं असतं फळ्यावर लिहायला!

वकिलानं शब्द दिला की हा मुद्दा मी मांडीन. त्यानं मांडलाही असेल. निकाल आला, फाशी रद्द, जन्मठेप. मायला सांगायला मीच धावत गेले. ती दोन्ही हात जोडून उभी राहिली, मग तिनं विचारलं, "म्हंजे त्यायले समजलं ना, बोर्डाचं?"

मी वकिलाला फोन करून विचारलं होतं. हायकोर्टानं फाशी रद्द केली ती पोराचं वय लहान, आधीचा गुन्हा नाही आणि म्हातारी आई त्याच्यावर अवलंबून, म्हणून. मायनं ऐकलेल्या शब्दावर बाजूनं नाही आणि विरुद्धही नाही, काहीच म्हटलं नव्हतं.

"काहीच नाही?"

"काहीच नाही, माय."

मला वाटलं तिला हलकं वाटेल. तर ती उसळली, "मंग मले कायले इचारलं होतं? मले कायले उभं केलं होतं तिथं?" ओरडलीच ती, पुष्कळ दिवसांनी. मुकादमाच्या बायकोनं त्या दिवसापासून आमच्या टपरीसमोरून जाणं बंद केलं. तिला कोणीतरी सांगितलं होतं की माय नागपूरला जाऊन वकिलाला भेटली. तिची मुलगी मोठी झाली, मला कधी तुमसरच्या बसस्टँडवर दिसते. ओळख देत नाही. तिचंही चूक नाही.

मध्ये बरीच वर्षं गेली. खदानीत आता यंत्रं जास्त आणि माणसं कमी. माय थकली, टपरी भाऊ चालवतो. आणि परवाच्या उन्हाळ्यात त्या पोराची आई गेली. शेवटपर्यंत मागच्या दारानंच यायची. त्यांच्यात जाळत नाहीत, माती देतात. पोराला तुरुंगातून काही तासांची सुट्टी मिळाली, दोन पोलीस सोबत. सानगडीहून मीही आले, मायला एकटीला तिथवर चालवत नव्हतं.

पोरगा कसला, केस पांढरे झालेला, पाठीत वाकलेला माणूस उतरला गाडीतून. एक हात पोलिसाच्या हाताला बेडीनं बांधलेला. खड्डा तयार होता. म्हातारीला खाली ठेवलं तेव्हा कोणी तरी सवयीनं म्हणायला लागला, "चला, आता गा..." आणि थांबला. सगळेच थांबले. मग कोणी तरी हळू म्हणालं, "माती द्या." त्यानं मोकळ्या हातानं माती लोटली. एकदा, दोनदा, मग वाकूनच बसला आणि हातानं ओढत राहिला. पोलिसाला त्याच्याबरोबर वाकावं लागत होतं. दगडगोटे होते मातीत, आमच्याकडं सगळ्याच मातीत असतात. ते तो निवडून बाजूला ठेवत होता.

उठल्यावर तो मायसमोर आला. म्हणाला, "मावशी, तू खोटं नाही बोलली. माह्या मनात काही नाही."

मायनं एवढी वर्षं जे विचारायचं ठेवलं होतं ते मला माहीत होतं. ती म्हणाली, "एक सांग बाबू. त्या दिशी तू बोर्डावरचंच बोलला होता ना? खेळाचंच ना?"

तो खरंच आठवून बघत होता, हे मला दिसत होतं. मग म्हणाला, "आधी मले पक्कं माहीत होतं, मावशी, का मी खेळाचंच बोललो. पर कोर्टात मले येवढ्या खेपा आयकवलं ना ते, का मंग मलेच वाटाले लागलं, मी तसाच बोललो असन. आता मले नाही सांगता येत."

पोलीस म्हणाला, "चला."

पोराच्या मोकळ्या हाताला मनगटापर्यंत माती लागली होती आणि दुसरा हात बेडीत असल्यानं त्याला ती झटकता येत नव्हती. मायनं पदर पुढं केला आणि एकेक बोट धरून त्याचा हात पुसून दिला.